चित्राशी आवाज जुळवणारे अर्देशिर इराणी

भारतीय रुपेरी पडद्याला वाचा देणारे अर्देशिर इराणी यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात झाला. मुंबईत इम्पिरियल फिल्म कंपनी काढून त्यांनी मूकपटांत जम बसवला. तेव्हा संवाद अक्षरपाट्यांवर वाचावे लागत. पात्राचे ओठ आधी हलत, शब्द नंतर येत. ‘शो बोट’ हा अमेरिकी बोलपट पाहिला आणि इराणी यांनी ‘आलम आरा’चा ध्यास घेतला.

यंत्र होते टॅनार. त्यात चित्र व आवाज एकाच वेळी, एकाच फिल्मवर मुद्रित होत. त्यामुळे जुळवणीची चिंता मिटली. पण चुकलेला शब्द मागाहून बदलण्याची सोय उरली नाही. शिवाय आवाजाची पट्टी तिच्या चित्रापासून काही चौकटी दूर पडे. चित्र कापावे, तर नको तो आवाज कापला जाई! वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवावे लागे. स्टुडिओजवळून आगगाड्या धावत. त्या थांबल्या की रात्री चित्रण चाले. विल्फर्ड डेमिंग या अमेरिकी तंत्रज्ञाकडून इराणी ध्वनिमुद्रणाचे प्राथमिक धडे शिकले आणि निर्मिती-दिग्दर्शन सांभाळून तेही काम त्यांनी अंगावर घेतले. हे धाडसच होते.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. इराणी १४ ऑक्टोबर १९६९ रोजी निवर्तले. त्यांच्या या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काही छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत.