हजेरीपटाच्या दोन बाजू

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांदा येथे, म्हणजेच आजच्या चंद्रपुरात, आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी घडलेल्या या घटनेची स्मृती येथे दरवर्षी श्रद्धेने जागविली जाते. परंतु कोळसा, कागद आणि जंगल यांवर उपजीविका करणाऱ्या या प्रदेशाला मजूर खाते सांभाळणाऱ्या आंबेडकरांचे मात्र बरेचसे विस्मरण झाले आहे. कामाच्या वेळेची नोंद ठेवणारी नवी यंत्रे सर्वत्र येत असताना ते विस्मरण परवडणारे नाही. ताडोब्यात वनरक्षकाची गस्त मोबाइलवर नोंदली जाऊ लागली. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची करण्यात आली. या यंत्रांबद्दल कर्मचाऱ्यांत नाराजी आहे, आणि अधिकारी तिला कामचुकारपणा असे नाव देऊन मोकळे होतात. प्रश्न इतका सोपा नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील लष्करात सुभेदार होते. घरात शिस्त होती आणि वेळेची किंमतही होती. पुढे मुंबईत परळच्या चाळीत राहताना गिरणीच्या भोंग्यावर बेतलेले कामगारांचे आयुष्य त्यांनी अगदी जवळून पाहिले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करून ते परतले, तेव्हा श्रम आणि मोबदला यांचा हिशेब मांडण्याची शास्त्रीय दृष्टी त्यांना लाभली होती.

ती दृष्टी त्यांनी प्रथम महार वतनाकडे वळविली. वतनदार महाराच्या सेवेला तासांची मर्यादाच नव्हती. दिवसा वा रात्री सरकारी बोलावणे आले की त्याने हजर व्हावे, तो नसेल तर घरातील दुसऱ्याने जावे, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी या वतन कायद्यात सुधारणा सुचविणारे विधेयक मांडले. ज्या श्रमाचे मोजमापच होत नाही, त्या श्रमाचे रूपांतर गुलामगिरीत होते, हा त्यामागील विचार होता. वेठबिगारीचा जाच सोसलेल्या चांद्याच्या जंगलपट्टीला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली, हे त्याच विचाराचे फलित होय.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाने संपाचा हक्क हिरावला जातो म्हणून, मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपाचे ते एक नेते होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेतून सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकत्र बसविणारी कायम यंत्रणा उभी राहिली. ज्याच्यावर नियम लागू व्हायचा, त्यालाही विचारविनिमयात स्थान असावे, हे तत्त्व त्यातून रुजले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या पट्ट्यात जाऊन ते स्वतः खाणीत उतरले व मजुरांच्या वस्त्याही त्यांनी पाहिल्या.

त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगारांना पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, दिवसाची मर्यादा १० तासांवरून ९ तासांवर आली आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद झाली. १ ऑगस्ट १९४६ पासून ती अमलात आली. या तरतुदींचा एक व्यावहारिक अर्थ सहसा ध्यानात घेतला जात नाही. तास नोंदल्याशिवाय जादा तास सिद्ध होत नाहीत, आणि हजेरीचे दिवस मोजल्याशिवाय रजेचा हक्क शाबीत होत नाही. तोवर गैरहजेरीबद्दल पगार कापण्यासाठी उघडला जाणारा हजेरीपट या कायद्यांमुळे मजुराच्या बाजूचाही पुरावा झाला. उशिराने आलेला कामगार त्यात दिसतो, तसा उशिरापर्यंत राबविणारा मालकही दिसतो.

आजच्या यंत्रांपुढील प्रश्न नेमका हाच आहे. वनरक्षक पहाटे किती वाजता निघाला हे मोबाइल सांगतो. परंतु तो चौदा तास जंगलात होता हे त्याच नोंदीवरून सिद्ध झाले, तर त्याला त्याचा मोबदला वा विश्रांती मिळणार आहे काय? दुर्गम खेड्यात मोबाइलला संपर्क मिळाला नाही आणि छायाचित्र चढले नाही, तर दिवसभर माती उपसलेल्या बाईची मजुरी का बुडावी? यंत्राच्या चुकीविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर कर्मचारी यंत्र आपणहून स्वीकारतील. ती न देता केलेल्या सक्तीतून खोट्या नोंदी आणि अविश्वास यांखेरीज काहीही निष्पन्न होणार नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येकाला आपली नोंद पाहता यावी, चूक दुरुस्त करून घेण्याची सोय गावपातळीवर व ठाण्यावरच असावी, संपर्क नसेल तेथे कागदी हजेरी ग्राह्य धरावी, आणि जादा तासांचा हिशेब त्याच नोंदीवरून आपोआप व्हावा. यंत्र बसविण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींना बोलवावे, एवढी अपेक्षा तर १९४२ मधील त्या परिषदेनंतर नवी म्हणताच येणार नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी, चांद्याच्या दीक्षेनंतर जेमतेम सात आठवड्यांत, बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमणाऱ्या जनसमुदायात खाणकामगार, वनमजूर आणि रोजंदारीवरच्या स्त्रिया असतात. त्यांच्या हजेरीची नोंद त्यांच्याही हक्काची व्हावी, हे त्या महापुरुषाच्या स्मृतीला साजेसे ठरेल.