नीलकंठ भट्ट

नीलकंठ भट्ट हे इ.स.च्या १७व्या शतकाच्या पूर्वार्धात काशी येथे होऊन गेलेले धर्मशास्त्रकार होते. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ मुंबई इलाख्यात हिंदूंच्या वारसा व दत्तकविषयक दाव्यांत १९५६पर्यंत प्रमाण मानला जात असे.

कुळ

त्यांचे पणजोबा रामेश्वर भट्ट पैठणहून काशीस स्थायिक झाले. आजोबा नारायण भट्ट व वडील शंकर भट्ट हेही नामवंत शास्त्री होते. ‘निर्णयसिंधु’कार कमलाकर भट्ट हे नीलकंठांचे चुलत बंधू, तर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे त्यांचे चुलत पुतणे होत.

ग्रंथरचना

यमुना-चंबळ संगमानजीकच्या भरेह येथील सेंगर राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा १२ मयूखांचा (किरणांचा) ग्रंथ रचला. त्यातील ‘व्यवहारमयूखा’त न्यायदान, पुरावे, वाटणी, वारसा आदी विषय आहेत.

मते

याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वरांच्या ‘मिताक्षरा’ टीकेचा आधार घेऊनही नीलकंठांनी काही बाबतींत वेगळे मत मांडले. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मते, म्हणून निपुत्रिक भावाच्या वारसांत त्यांनी तिला आजीनंतर स्थान दिले. पतीची आज्ञा नसली तरी विधवेस वडिलांच्या वा आप्तांच्या संमतीने दत्तक घेता येतो, असेही त्यांनी प्रतिपादिले. मात्र मृताच्या वारसांत त्यांनी मातेच्या आधी पित्यास स्थान दिले.

न्यायालयीन मान्यता

१८२७ साली बोराडेल यांनी ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यामुळे संस्कृत न जाणणाऱ्या न्यायाधीशांना हा ग्रंथ उपलब्ध झाला. १८८० साली विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी नवे भाषांतर केले, तर १९२६ साली पां. वा. काणे यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली. मतभेद असल्यास गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात मयूख श्रेष्ठ मानला जाई. पुणे जिल्ह्यात मात्र दोन्ही ग्रंथ सारखेच प्रमाण मानले जात. परिणामी एकाच नात्यातील वारसांचा क्रम प्रदेशानुसार बदलत असे.

अस्त

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने व त्याच वर्षीच्या दत्तक व निर्वाह कायद्याने त्यांत तरतूद असलेल्या विषयांपुरते जुन्या ग्रंथांचे प्रामाण्य संपुष्टात आणले. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या हिंदू पुरुषाच्या वारसांत आता माता पहिल्या वर्गात, तर पिता दुसऱ्या वर्गात येतो. नीलकंठांनी वारस ठरविलेल्या बहिणीस दुसऱ्या वर्गात भावाच्या बरोबरीचे स्थान मिळाले.