अशोक वैद्य

अशोक वैद्य (मृत्यू : १९९८) हे मुंबईतील खाद्यपदार्थ विक्रेते होते. वडापाव या पदार्थाचे जनक म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत वैद्य यांचे नाव अग्रक्रमाने येते. १९६६ साली दादर रेल्वे स्थानकाबाहेर त्यांनी बटाटेवड्याची गाडी सुरू केली आणि तेथेच वडा प्रथम पावात घालून दिला गेला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पार्श्वभूमी

बटाटेवडा हा पदार्थ वैद्य यांच्या आधीपासून महाराष्ट्रीय घरांत, खानावळींत आणि उपाहारगृहांत होता. तो बशीत, चटणीसह मिळत असे व बसून खाल्ला जाई. पावही मुंबईला नवा नव्हता. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणलेला हा खाद्यप्रकार गोव्यातून व वसईकडून मुंबईत स्थिरावला होता. (बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द मराठीने पोर्तुगीजांकडूनच घेतले आहेत. ज्या पदार्थाला आज अस्सल मराठी म्हटले जाते त्याची ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) तथापि अनेक मराठी घरांत पाव हा बाहेरचा, इराण्याकडचा किंवा आजारपणात चहाबरोबर खाण्याचा पदार्थ समजला जाई. वडा आणि पाव एकाच शहरात, कित्येकदा एकाच रस्त्यावर विकले जात होते. परंतु ते एकत्र आलेले नव्हते.

दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांना जोडणारे स्थानक. त्याच्या दक्षिणेस परळ, लालबाग, लोअर परळ व वरळी हा कापड गिरण्यांचा पट्टा, म्हणजे गिरणगाव, पसरलेला होता. गिरण्या पाळ्यांमध्ये चालत. पाळी सुटलेल्या किंवा पाळीला निघालेल्या कामगाराजवळ बसून जेवण्यास वेळ नसे आणि उपाहारगृहात खर्च करण्यास पैसाही नसे.

१९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. मराठी तरुणांनी केवळ नोकरीच्या मागे न लागता लहानमोठा धंदा करावा, असे आवाहन बाळासाहेब ठाकरे करीत असत. स्वस्त खाण्याच्या व्यवसायात तेव्हा उडुपी उपाहारगृहांचा जम बसलेला होता. वैद्य यांनी या आवाहनातून प्रेरणा घेऊन गाडी लावली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

दादरची गाडी

वैद्य यांच्या शेजारी एक आम्लेट-पाव विकणारी गाडी होती. पावात घातलेले आम्लेट गिऱ्हाईक उभ्याउभ्या खाऊन गाडी पकडण्यासाठी निघून जाते, हे वैद्य रोज पाहत होते. त्यांच्या स्वतःच्या वड्याला मात्र कागद लागे, आणि गरम वडा हातात धरणे कठीण जाई. शेजारच्याकडून काही पाव घेऊन त्यांनी ते मधोमध चिरले, आत वडा ठेवला, चटणी लावली आणि गिऱ्हाइकापुढे केले, अशी वडापावच्या जन्माची सर्वाधिक प्रचलित हकिकत आहे. तिचा तपशील सांगणाऱ्यागणिक थोडाफार बदलतो. शेजारच्या आम्लेट-पावाचा उल्लेख मात्र बहुधा असतोच.

ही जोडणी टिकली, कारण ती खाणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या अशा दोघांच्याही अडचणी सोडवीत होती. लादी पाव मऊ आणि सच्छिद्र असल्याने वड्याचे तेल शोषून घेतो व हात फारसे माखत नाहीत. आतील बटाट्याचे सारण मोहरी, हळद, आले, लसूण, हिरवी मिरची यांनी तिखट झालेले असते. त्याला बेचव पावाची जोड मिळाल्याने तोंडात तोल साधतो. सुके खोबरे, लसूण व लाल तिखट यांची कोरडी चटणी ओघळत नाही. बशी नको, चमचा नको, बाकडे नको. विक्रेत्याला एक कढई, एक शेगडी, बेसन, बटाटे आणि सकाळी बेकरीतून आलेल्या पावांच्या लाद्या एवढ्या भांडवलावर धंदा उभा करता येई. एका वड्यावर न भागणारी भूक दोन पावांमुळे भागे, हे विशेष महत्त्वाचे. वडा एक आणि पाव दोन अशी मागणी गाड्यांवर आजही ऐकू येते, आणि तिच्यामागे हौस नसून खिशाचा हिशोब असतो.

फळीवर न लिहिलेले प्रकार

वडापावच्या गाडीवरील फळीवर सहसा पदार्थाचे नाव आणि दर एवढेच असते. तरीही तेथे मागितल्या जाणाऱ्या प्रकारांची यादी बरीच मोठी आहे. कढईत वडे सोडताना बेसनाच्या पिठाचे जे थेंब तेलात पडून कुरकुरीत होतात त्यांना चुरा म्हणतात. तो प्रथम टाकाऊ होता. गिऱ्हाइकांनी मागून घेतल्याने तो पावात भरला जाऊ लागला, आणि वडा संपल्यावर नुसता चुरा-पाव खाणारेही निघाले. सुकी चटणी जास्त, गोड चटणी नको, पाव तव्यावर भाजून, तळलेली मिरची जादा, वडा वेगळा आणि पाव वेगळा, अशा सूचना विक्रेता हात न थांबवता ऐकतो. रोजच्या गिऱ्हाइकाला तर काही सांगावेही लागत नाही. वड्याच्या जागी कांदाभजी किंवा समोसा घालून भजीपाव व समोसापाव हे स्वतंत्र पदार्थ झाले. नाशिकमध्ये पावात सारण भरून तो अख्खा पाव पिठात बुडवून तळतात व त्यास उलटा वडापाव म्हणतात. कोल्हापूरकडे तिखट कटात बुडवलेला कटवडा पावासोबत खाल्ला जातो.

अमेरिकेत हाच प्रघात बर्गरच्या बाबतीत प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे १९४८ मध्ये हॅरी आणि एस्थर स्नायडर यांनी सुरू केलेल्या इन-एन-आउट या साखळीचा फलक अगदी आटोपशीर आहे. पण मोहरी लावून भाजलेला, परतलेला कांदा घातलेला बर्गर तेथे नाव घेऊन मागता येतो, आणि अशा न लिहिलेल्या पदार्थांच्या यादीला गुप्त यादी म्हटले जाते. दादरच्या गाडीवर गुप्त असे काहीच नव्हते. गिऱ्हाईक आणि कढई यांच्यात हातभराचे अंतर होते. वैद्य यांचा वडापाव हाच मुळात दोन गाड्यांच्या मधोमध तयार झालेला, कोणत्याही फळीवर नसलेला पदार्थ होता.

प्रसार

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप फसला, अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, आणि ज्यांच्यासाठी वडापाव निर्माण झाला होता त्या कामगारांपैकी काहींनी पोटासाठी वडापावच्याच गाड्या लावल्या. या घटनेचा वडापावच्या इतिहासात जेवढा विचार व्हायला हवा तेवढा होत नाही. गिऱ्हाईक विक्रेता बनले आणि विक्रेत्यांना महापालिकेच्या फेरीवाला-विरोधी कारवाईची टांगती तलवार सोसावी लागली. हळूहळू हा पदार्थ मुंबईबाहेर पडला. एस.टी. स्थानके, शाळा-महाविद्यालयांची फाटके, आठवड्याचे बाजार येथे तो पोहोचला. बारामती-इंदापूर भागातील विद्यार्थ्यांनाही तो मुंबईचा म्हणून वेगळा वाटत नाही.

श्रेयाचा वाद

वडापावचे श्रेय एकट्या वैद्य यांना देण्याविषयी मतभेद आहेत. दादरमधीलच सुधाकर म्हात्रे यांचे नाव त्याच सुमारास वडापाव सुरू करणारे म्हणून घेतले जाते. कल्याण येथे वझे कुटुंबाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात घराच्या रस्त्याकडील खिडकीतून वडापाव देण्यास प्रारंभ केला. तो खिडकी वडा या नावाने ख्यातनाम आहे. वडा व पाव ही जोडी इतकी सहज सुचण्यासारखी आहे की ती एकाहून अधिक ठिकाणी सुचली असणे शक्य आहे. वैद्य यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की दादरसारख्या वर्दळीच्या जागी तो पदार्थ दिवसभरात हजारो प्रवाशांच्या दृष्टीस पडला, आणि तेथून त्याची नक्कल करणे कोणालाही शक्य झाले. त्या नकलेचा मोबदला त्यांना मिळाला नाही.

मृत्यू आणि नंतरचा काळ

वैद्य यांचे १९९८ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबीयांनी व्यवसाय पुढे चालविला. त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १९९६ मध्ये, मॅकडोनाल्ड्सने भारतात पहिली उपाहारगृहे उघडली होती, आणि पुढे या कंपनीच्या येथील यादीत बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर लोकप्रिय ठरला. २००१ मध्ये मुंबईत जम्बोकिंग ही वडापावची साखळी सुरू झाली. शिवसेनेनेही पुढे शिववडा या नावाने गाड्यांची योजना आणली. साखळी दुकानांत चीज, शेजवान, बटर असे प्रकार छापील फलकावर स्वतंत्र दरांसह आले. चुरा मात्र बहुतेक गाड्यांवर अजूनही मागितल्यास फुकट मिळतो.