अनाथांचा आसरा : हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.)

इस्लामने अनाथाचा हक्क केवळ दानधर्मापुरता ठेवलेला नाही. अनाथाला घर मिळावे, त्या घरात मायेचे माणूस असावे आणि त्याची मालमत्ता सुरक्षित राहावी, अशी ही शिकवण आहे. ती प्रत्यक्ष जगून दाखविणाऱ्या सहाबांमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलतबंधू हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांचे नाव अग्रभागी येते.

हजरत जाफर हे हजरत अली (रजि.) यांच्याहून सुमारे दहा वर्षांनी थोरले. मक्केत एकदा मोठा दुष्काळ पडला. अबू तालिब यांचे कुटुंब मोठे आणि मिळकत तुटपुंजी होती. त्यांचा भार हलका व्हावा म्हणून प्रेषितांनी अली यांना आपल्या घरी आणले आणि चुलते अब्बास यांनी जाफर यांना आपल्याकडे नेले. वडील हयात असूनही दुसऱ्याच्या घरी वाढण्याचा अनुभव जाफर यांना असा लहानपणीच आला.

इस्लामच्या प्रारंभीच त्यांनी व त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) यांनी सत्यधर्म स्वीकारला. कुरैशांचा छळ असह्य झाला तेव्हा प्रेषितांनी अनुयायांना तांबड्या समुद्रापलीकडील शेजारच्या हबशा देशात जाण्याची अनुमती दिली. तेथील ख्रिस्ती बादशहा नजाशी न्यायी म्हणून प्रसिद्ध होता. इ.स. ६१५ च्या सुमारास हिजरत सुरू झाली. पुढे या निर्वासितांत ऐंशीहून अधिक पुरुष आणि त्यांच्यासोबत स्त्रिया होत्या.

कुरैशांनी तेथेही त्यांचा पिच्छा सोडला नाही. नजराणे घेऊन त्यांचे दूत दरबारात पोहोचले आणि या लोकांना परत पाठवावे, अशी त्यांनी मागणी केली. बादशहाने दुसरी बाजू ऐकण्याचे ठरविले. निर्वासितांच्या वतीने जाफर उभे राहिले. बलवानाने दुर्बलाला गिळावे अशी आपली पूर्वीची रीत होती, हे त्यांनी लपविले नाही. प्रेषितांनी एका अल्लाहची उपासना, सचोटी, नातेसंबंध व शेजारधर्म शिकविला आणि अनाथाचे धन खाण्यास मनाई केली, हे त्यांनी सांगितले. स्वतः बेघर असलेला माणूस परक्या राजासमोर आपल्या धर्माची ओळख करून देताना अनाथाच्या हक्काचा उल्लेख करतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर त्यांनी सूरह मरयमचा प्रारंभीचा भाग पठण केला. बादशहाचे डोळे पाणावले. त्याने नजराणे परत केले आणि निर्वासितांना अभय दिले.

त्या देशात हजरत जाफर यांनी सुमारे तेरा वर्षे काढली. अब्दुल्लाह, मुहम्मद आणि औन ही त्यांची मुले तेथेच जन्मली. हिजरी सन ७ मध्ये खैबरच्या विजयाच्या वेळी ते परतले, तेव्हा प्रेषितांना अत्यानंद झाला. मदिनेत त्यांचे घर गरिबांसाठी सदैव उघडे असे. घरात काहीच शिल्लक नसले, तर तुपाची रिकामी बुधलीही ते पाहुण्यांपुढे ठेवत. म्हणूनच त्यांना ‘अबुल मसाकीन’, म्हणजे गोरगरिबांचा पिता, असे म्हटले जाई.

त्याच वर्षी उमरतुल-कजासाठी मुसलमान मक्केत गेले. त्यांना केवळ तीन दिवस राहण्याची परवानगी होती. निघण्याच्या वेळी एक लहान मुलगी चुलत्याला हाक मारीत प्रेषितांच्या मागे धावत आली. उहुदच्या युद्धात शहीद झालेले हजरत हमजा (रजि.) यांची ती कन्या. हजरत अली यांनी तिचा हात धरून तिला हजरत फातिमा (रजि.) यांच्या स्वाधीन केले. मग तिच्या संगोपनावरून अली, जाफर आणि जैद बिन हारिसा (रजि.) या तिघांत वाद झाला. अली व जाफर यांची ती चुलतबहीण होती. हमजा आणि जैद यांच्यात प्रेषितांनी बंधुत्व जोडले होते. परंतु जाफर यांच्या पत्नी अस्मा या मुलीच्या सख्ख्या मावशी होत्या. मावशी आईच्या ठिकाणी असते, या तत्त्वावर प्रेषितांनी मुलगी जाफर यांच्या घरी दिली आणि उरलेल्या दोघांचीही प्रेमाने समजूत घातली. दावेदारांच्या मानापेक्षा मुलीला माया कोठे मिळेल, हे पाहिले गेले. मावशीला आईच्या जागी मानणारी म्हण मराठीतही आहेच.

काही महिन्यांतच, हिजरी सन ८ मध्ये (इ.स. ६२९), मूताचे युद्ध झाले. जैद शहीद झाल्यावर जाफर यांनी ध्वज हाती घेतला. दोन्ही हात तुटले तरी त्यांनी तो सोडला नाही. त्यांच्या देहावर नव्वदहून अधिक जखमा आढळल्या.

ही वार्ता सांगण्यासाठी प्रेषित स्वतः त्यांच्या घरी गेले. अस्मा यांनी कणीक मळून ठेवली होती व मुलांना न्हाऊ-माखू घातले होते. प्रेषितांनी मुलांना जवळ घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. या घरावर दुःख कोसळले आहे, म्हणून त्यांच्यासाठी अन्न शिजवावे, असे त्यांनी आपल्या कुटुंबीयांना सांगितले. पुढे अस्मा यांनी मुलांच्या पोरकेपणाची चिंता व्यक्त केली, तेव्हा इहलोकी आणि परलोकी आपणच त्यांचे पालक आहोत, असे आश्वासन प्रेषितांनी दिले. त्यांपैकी अब्दुल्लाह मोठेपणी मदिनेत औदार्यासाठी विख्यात झाले.

युद्धात अनाथ झालेल्या मुलीला ज्यांनी घर दिले, त्यांचीच मुले वर्षभराच्या आत युद्धाने अनाथ झाली आणि त्यांनाही आसरा मिळाला. आज आपल्या नात्यात एखादे मूल पोरके होते, तेव्हा चर्चा बहुधा घर, जमीन आणि पैशाच्या वाटणीची होते. त्या दिवशी तिघे सहाबी भांडले, ते एका मुलीचा भार आपल्याला मिळावा म्हणून. आपल्या घरांतही असाच वाद व्हावा. अल्लाह आपणा सर्वांना अनाथांचा हक्क ओळखण्याची आणि तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.