पाण्याखाली भट्टी पेटवणारा माणूस : नार्सिस मोंतुरिओल

देऊळगाव राजाच्या शिवारात ज्याची विहीर आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही : डिझेल इंजिन खोल विहिरीत उतरवून चालवायचं नसतं. इंजिन आतली हवा खातं, विषारी धूर सोडतं आणि खाली उतरलेला माणूस गुदमरतो.

पाणबुडीची अडचण हीच आहे. अणुऊर्जेवर न चालणारी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की हवेसाठी वर यावं लागतं, नळी बाहेर काढून डिझेल इंजिन सुरू करावं लागतं आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूच्या नजरेत येते. बाहेरची हवा न घेता ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला 'एआयपी' म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी असं इंजिन पाण्याखाली चालवून दाखवलं ते नार्सिस मोंतुरिओल यांनी.

कायदा शिकले, पण वकिली नाही केली

मोंतुरिओल यांचा जन्म २८ सप्टेंबर १८१९ रोजी स्पेनमधल्या फिगेरेस गावात झाला. वडील लाकडी पिंपं बनवायचे. मुलाने बार्सिलोनात कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. समतेचे विचार मांडणारी नियतकालिकं काढली. त्यापायी सरकारचा रोष ओढवला आणि काही काळ फ्रान्समध्ये काढावा लागला.

पुढे कादाकेस या किनाऱ्यावरच्या गावात त्यांनी समुद्रातून पोवळं काढणाऱ्या कामगारांचे हाल पाहिले. एकाचा बुडून मृत्यू झालेलाही पाहिला. या माणसांना सुरक्षितपणे खाली नेणारी बोट हवी, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं.

हातांची ताकद अपुरी पडली

१८५९ मध्ये ७ मीटर लांबीची लाकडी 'इक्तिनेओ' बार्सिलोनाच्या बंदरात उतरली. पंखा माणसंच फिरवायची. तिने अनेक यशस्वी बुड्या मारल्या, पण १८६२ मध्ये एका मालवाहू जहाजाच्या धडकेत ती मोडली.

लोकांनी वर्गणी दिली. १८६४ मध्ये १७ मीटरची 'इक्तिनेओ २' तयार झाली. तिथेही माणसांच्या हातांचा जोर कमीच पडला. वाफेचं इंजिन बसवावं, तर कोळशाला हवा लागते. मग मोंतुरिओल यांनी जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण निवडलं. त्यांच्या रासायनिक क्रियेतून पाणी उकळण्याइतकी उष्णता मिळे आणि वर ऑक्सिजनही सुटे. तोच आत श्वासासाठी वापरता येई.

मात्र भट्टीची धग बंद बोटीत असह्य व्हायची. इंजिनासाठी वेगळा कप्पा असलेली संपूर्ण धातूची बोट हवी, हे त्यांना कळत होतं. तेवढा पैसा नव्हता. इंजिन जुन्या लाकडी बोटीतच बसवावं लागलं.

१४ डिसेंबर १८६७ रोजी बोट बुडवून इंजिन चालवलं गेलं. बोट जागची हलवली नाही, पण इंजिन चाललं. नऊच दिवसांनी, २३ डिसेंबरला, त्यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली. बोट भंगारात गेली.

१८७३ मध्ये ते स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या संसदेत निवडून गेले. ६ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांचं निधन झालं. दुसरी बोट त्यांना बांधता आली नाही.

तेच प्रश्न आजही

एआयपी निवडताना आजही हेच पाहावं लागतं : इंधन आणि ऑक्सिजन किती साठवता येईल, उष्णता आणि आवाज किती होईल, बोटीत जागा आहे का, खर्च झेपेल का. स्वीडनने स्टर्लिंग इंजिन निवडलं. ते साठवलेल्या द्रव ऑक्सिजनवर डिझेल जाळतं. फ्रान्सच्या 'मेस्मा'मध्ये इथेनॉल जाळून वाफेवर टर्बाइन फिरते. मोंतुरिओल यांच्या सर्वात जवळची हीच. जर्मनीने इंधनघट घेतला. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून ज्वलनाशिवाय वीज होते, म्हणून तो शांत असतो.

भारतानेही इंधनघटच निवडला. डीआरडीओच्या अंबरनाथ इथल्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट विकसित केला. त्यात हायड्रोजन साठवून न्यावा लागत नाही, बोटीतच तयार होतो. मार्च २०२१ मध्ये या यंत्रणेची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली.

मुंबईत माझगाव गोदीने बांधलेली 'आयएनएस कलवरी' नौदलात दाखल झाली ती १४ डिसेंबर २०१७ रोजी. मोंतुरिओल यांच्या त्या चाचणीला त्या दिवशी बरोबर १५० वर्षं झाली होती. पण तेव्हा कलवरीत एआयपी नव्हती. तिच्या वर्गातल्या पाणबुड्यांत ती बसवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीशी करार झाला. तयार बोटीत नंतर इंजिन बसवण्याची कसरत मोंतुरिओल यांनीही केली होती. त्यांना पैसा पुरला नाही, एवढाच फरक.