थिओफेनिस द ग्रीक

थिओफेनिस द ग्रीक (रशियन नाव: फेओफान ग्रेक, जन्म: सुमारे १३४०, मृत्यू: सुमारे १४१०) हा बायझंटाईन परंपरेत घडलेला भित्तिचित्रकार, आयकॉनचित्रकार आणि हस्तलिखितांचा सजावटकार होता. कॉन्स्टँटिनोपल व त्याच्या परिसरात नाव मिळवल्यावर तो उत्तरेकडे रशियन भूमीत गेला आणि पुढील सुमारे तीन दशके त्याने नोवगोरोद, निझ्नी नोवगोरोद व मॉस्को येथील चर्चच्या भिंती रंगवल्या. त्याच्या समकालीनाने नोंदवल्यानुसार त्याने चाळीसहून अधिक दगडी चर्चमध्ये चित्रे काढली होती. आज निःसंशयपणे त्याची म्हणता येतील अशी भित्तिचित्रे केवळ एकाच चर्चमध्ये उरली आहेत. मध्ययुगीन रशियन चित्रकलेतील सर्वांत मोठा कलावंत मानला जाणारा आंद्रेई रुब्लेव्ह याने त्याच्यासोबत काम केले होते. ‘ग्रीक’ हे उपनाम त्याला रशियात मिळाले. स्थलांतरित म्हणून असलेली त्याची ओळख अशा रीतीने त्याच्या नावातच कायम राहिली.

माहितीची साधने

थिओफेनिसच्या जीवनाविषयीची माहिती मुख्यतः तीन साधनांतून मिळते. पहिले साधन म्हणजे रशियन इतिवृत्तांतील मोजक्या नोंदी. त्यांत कोणत्या वर्षी कोणते चर्च कोणी रंगवले एवढाच तपशील असतो. दुसरे साधन म्हणजे एपिफानियस द वाईज या विद्वान भिक्षूने सुमारे १४१५ मध्ये त्वेर येथील मठाधिपती किरिल यांना लिहिलेले पत्र. हे पत्र मूळ स्वरूपात नव्हे, तर नंतरच्या काळातील नकलेत टिकून आहे. तिसरे साधन म्हणजे नोवगोरोदमधील प्रत्यक्ष चित्रे.

यांपैकी एपिफानियसचे पत्र विशेष मोलाचे आहे, कारण मध्ययुगीन रशियातील एखाद्या चित्रकाराची काम करण्याची पद्धत आणि स्वभाव प्रत्यक्ष परिचयातून टिपणारा असा मजकूर फारच दुर्मिळ आहे. १४०८ मध्ये तातार सेनानी एदिगू याच्या स्वारीच्या वेळी एपिफानियस मॉस्को सोडून त्वेरला गेला होता. तेथे त्याच्याजवळच्या ग्रंथात किरिल यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चचे चित्र पाहिले आणि पुढे त्याविषयी विचारणा केली. तिला उत्तर देताना एपिफानियसने हे चित्र मूळ ज्याच्या हातचे होते त्या थिओफेनिसची हकीकत लिहिली.

पूर्वायुष्य

एपिफानियसच्या पत्रानुसार थिओफेनिसने कॉन्स्टँटिनोपल, सामुद्रधुनीपलीकडील कॅल्सिडॉन, जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची वसाहत असलेले गलाता आणि क्रिमियातील काफा (सध्याचे फिओदोसिया) येथे चर्च रंगवली होती. या क्रमावरून त्याचा प्रवास राजधानीतून काळ्या समुद्रामार्गे उत्तरेकडे झाला असावा, असे अभ्यासक मानतात. या सर्व ठिकाणची त्याची कामे नष्ट झाली आहेत.

त्याने मायदेश का सोडला हे कोणत्याही साधनात सांगितलेले नाही. मात्र त्या काळची परिस्थिती स्पष्ट आहे. १३४१ ते १३४७ या काळातील यादवी युद्धाने बायझंटाईन साम्राज्याचा खजिना रिकामा झाला होता. १३४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्लेगची साथ पसरली. ऑटोमन तुर्कांच्या विस्तारामुळे साम्राज्याचा प्रदेश आकसत चालला होता. मोठ्या चित्रकामांना आश्रय देणारे धनिक तेथे कमी होत असताना व्यापारावर समृद्ध झालेले नोवगोरोद आणि उदयास येणारे मॉस्को नवी दगडी चर्च उभारत होते. रशियन चर्च कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मगुरूंच्या अधिपत्याखाली असल्याने ग्रीक धर्माधिकारी आणि कारागीर यांची तिकडे ये-जा असे.

नोवगोरोद

रशियातील त्याचे सर्वांत जुने ज्ञात काम नोवगोरोदच्या इल्यिना रस्त्यावरील ‘ख्रिस्ताचे रूपांतरण’ या चर्चमधील आहे. हे चर्च १३७४ मध्ये बांधले गेले आणि १३७८ मध्ये थिओफेनिसने ते रंगवले. सरदार वासिली दानिलोविच आणि त्या रस्त्यावरील रहिवाशांनी हे काम करवून घेतले, अशी नोंद इतिवृत्तात आहे. थिओफेनिसने रंगवलेली ही वास्तू राजदरबाराची नव्हती. ती एका वस्तीने आपल्यासाठी उभारलेली होती.

घुमटाच्या आतील बाजूस सर्वसत्ताधीश ख्रिस्ताची (पँटोक्रेटर) भव्य अर्धाकृती आहे. तिच्याभोवती प्रमुख देवदूत आणि सहा पंखांचे सेराफिम दिसतात. त्याखालील वर्तुळाकार भागात खिडक्यांच्या मधोमध आदम, हाबेल, शेथ, हनोख, नोहा, मलकीसदेक, एलिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान या आठ जणांच्या उभ्या आकृती आहेत. वायव्य कोपऱ्यातील वरच्या सज्जावर असलेल्या लहान त्रैक्य-प्रार्थनागृहात अब्राहामाकडे पाहुणे म्हणून आलेले तीन देवदूत, स्तंभावर राहून तप करणारे साधू आणि वाळवंटातील तपस्वी मॅकॅरियस यांची चित्रे आहेत.

शैली

नोवगोरोदमधील चित्रांत रंगांची संख्या अतिशय मर्यादित आहे. लालसर तपकिरी गेरू, पिवळी माती, राखाडी छटा आणि पांढरा यांवरच बहुतेक काम भागवलेले आहे. चेहऱ्याचा मूळ भाग गडद तपकिरी रंगात भरून त्यावर कपाळ, गाल, नाक आणि बोटे यांवर शुद्ध पांढऱ्या रंगाचे मोजके, वेगवान फटकारे मारलेले दिसतात. हे फटकारे नेहमीच्या छायाप्रकाशाचे नियम पाळत नाहीत. मॅकॅरियसच्या चित्रात संपूर्ण देह पांढऱ्या केसांनी वेढलेला असून डोळ्यांत बाहुल्याच दाखवलेल्या नाहीत.

अनेक अभ्यासकांनी या शैलीचा संबंध हेसिकाझम या ऑर्थोडॉक्स ध्यानमार्गाशी जोडला आहे. मौन आणि अखंड प्रार्थना यांच्या साधनेतून साधकाला ताबोर पर्वतावर प्रकटलेल्या दिव्य प्रकाशाचे दर्शन घडते, अशी या मार्गाची धारणा होती. ग्रेगरी पालामास याने मांडलेल्या या विचाराला १३५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने मान्यता दिली. इल्यिना रस्त्यावरील चर्च ज्या रूपांतरणाच्या प्रसंगाला वाहिलेले आहे, तोच प्रसंग या विचाराच्या केंद्रस्थानी होता. तथापि थिओफेनिस स्वतः या मार्गाचा अनुयायी होता असे सांगणारा लेखी पुरावा नाही.

भित्तिचित्रासाठी चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावावे लागतात, त्यामुळे चित्रकाराला झपाट्याने निर्णय घ्यावे लागतात. एपिफानियसने केलेल्या वर्णनात हीच सहजता दिसते. त्या काळी चित्रकार जुन्या नमुन्यांकडे वारंवार पाहून काम करीत. थिओफेनिस मात्र नमुना समोर न ठेवता, सतत हालचाल करीत आणि भेटायला आलेल्यांशी बोलत चित्र काढत असे, आणि त्याच वेळी मनात गहन विषयांचे चिंतन करीत असे, असे एपिफानियस नोंदवतो. त्याने विनंती केल्यावर थिओफेनिसने हागिया सोफियाचे चित्र त्याला कागदावर काढून दिले. पुढे मॉस्कोतील इतर चित्रकारांनी त्याच्या नकला केल्या. कॉन्स्टँटिनोपल न पाहिलेल्या रशियन चित्रकारांना ती वास्तू या स्थलांतरिताच्या स्मरणातून पाहायला मिळाली.

मॉस्को

निझ्नी नोवगोरोद येथे काम केल्यानंतर १३९० च्या दशकात थिओफेनिस मॉस्कोत आला. १३८२ मध्ये तोख्तामिश याच्या स्वारीत हे शहर जाळले गेले होते. महाराजपुत्र पहिला वासिली (कारकीर्द १३८९–१४२५) याच्या काळात क्रेमलिनमध्ये पुन्हा बांधकामे सुरू होती. इतिवृत्तांत थिओफेनिसच्या तीन कामांची नोंद आहे. १३९५ मध्ये त्याने सिमियोन चोर्नी आणि शिष्यांसह मरियेच्या जन्माचे चर्च रंगवले. १३९९ मध्ये शिष्यांसह देवदूत मायकेलच्या कॅथीड्रलचे काम केले. १४०५ मध्ये राजवाड्यातील घोषणा-चर्चचे (अनन्सिएशन) काम त्याच्याकडे होते. या शेवटच्या नोंदीत थिओफेनिसचे नाव प्रथम, त्यानंतर गोरोदेत्स येथील वृद्ध प्रोखोर आणि सर्वांत शेवटी भिक्षू आंद्रेई रुब्लेव्ह असा क्रम आहे. रुब्लेव्हचा हा इतिहासातील पहिला उल्लेख होय.

धार्मिक चित्रांखेरीज त्याने सर्पुखोवचा राजपुत्र व्लादिमीर आंद्रेयेविच याच्या वाड्यातील भिंतीवर मॉस्को शहराचे दृश्य रंगवले होते आणि महाराजपुत्राच्या महालात अपरिचित पद्धतीची चित्रे काढली होती, असे एपिफानियसच्या पत्रातून कळते.

मॉस्कोतील यांपैकी एकही भित्तिचित्र उरलेले नाही. घोषणा-चर्चची वास्तू १४१६ मध्येच नव्याने बांधण्यात आली आणि सध्याची इमारत १४८४ ते १४८९ या काळातील आहे. मायकेलचे सध्याचे कॅथीड्रल १५०५ ते १५०८ मध्ये उभारले गेले. १४०५ नंतर थिओफेनिसचा उल्लेख इतिवृत्तांत आढळत नाही.

कर्तृत्वाविषयीचे वाद

घोषणा-कॅथीड्रलमधील आयकॉनोस्टेसिसचे, म्हणजे वेदी आणि उपासकांची जागा यांच्यामधील चित्रफलकांच्या भिंतीचे, मुख्य फलक विसाव्या शतकात बराच काळ थिओफेनिसचे मानले जात होते. पुढे या मताला आव्हान दिले गेले. वास्तू दोनदा नव्याने बांधली गेली आणि १५४७ च्या मोठ्या आगीत तिच्यातील जुने आयकॉन जळाले, त्यामुळे सध्याचे फलक नंतर दुसऱ्या ठिकाणाहून आणले असावेत, असा युक्तिवाद करण्यात आला. त्रेत्याकोव्ह संग्रहालयातील ‘दोनची देवमाता’ आणि पेरेस्लाव्ल-झालेस्की येथील ‘रूपांतरण’ हे आयकॉनही परंपरेने त्याच्या नावावर किंवा त्याच्या कार्यशाळेच्या नावावर सांगितले जातात. त्यांच्याबाबतही एकमत नाही. त्यामुळे त्याच्या शैलीविषयीच्या प्रत्येक चर्चेत नोवगोरोदची चित्रे हाच निकष ठरतो.

वारसा

इल्यिना रस्त्यावरील भित्तिचित्रे नंतरच्या रंगांच्या व गिलाव्याच्या थरांखाली झाकली गेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उघड करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात नोवगोरोदची मोठी हानी झाली. व्होलोतोवो आणि कोव्हाल्योवो येथील त्याच काळातील चित्रित चर्च उद्ध्वस्त झाली. थिओफेनिसच्या कामाचे मात्र महत्त्वाचे अंश बचावले. नोवगोरोदच्या ऐतिहासिक वास्तूंचा १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

रुब्लेव्हच्या चित्रांतील सौम्य, प्रसन्न भाव थिओफेनिसच्या कठोर आणि अस्वस्थ करणाऱ्या आकृतींपेक्षा अगदी वेगळा आहे. त्यामुळे त्यांच्यातील नाते निव्वळ अनुकरणाचे नव्हते, असे कलेतिहासकार मानतात. आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘आंद्रेई रुब्लेव्ह’ (१९६६) या चित्रपटात थिओफेनिस हे एक प्रमुख पात्र असून ती भूमिका निकोलाय सेर्गेयेव यांनी साकारली आहे.