विश्लेषण : घरातल्या समुद्राला शेवाळ घेरते तेव्हा... ‘अ‍ॅक्वेरियम’ घरोघरी नेणारे फिलिप गॉस कोण होते?

खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडली, की काही आठवड्यांतच काचेवर तपकिरी थर धरतो. मग हिरवा लेप येतो आणि पाठोपाठ केसांसारखे तंतू. अनेक हौशी मंडळी इथेच हात टेकतात. हाच प्रश्न १८५०च्या दशकात फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकापुढे होता. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतो, तो रूढ झाला त्यांच्याच पुस्तकामुळे.

समुद्राकडे ते वळले कसे?

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टरमध्ये झाला. बालपण पूल या बंदरात गेले. सतराव्या वर्षी ते न्यूफाउंडलँडला व्यापारी कचेरीत कारकुनीला गेले. पुढे कॅनडात शेती, अलाबामात शिक्षकी, जमैकात पक्षी-कीटकांचा संग्रह असे फिरत राहिले. १८५२मध्ये प्रकृती बिघडल्याने पत्नी एमिली आणि लहानग्या एडमंडसह ते डेव्हनच्या किनाऱ्यावर आले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांच्या खळग्यांत त्यांचा जीव रमला तो कायमचा.

पहिला प्रयोग त्यांचाच का?

नाही. अ‍ॅना थिन यांनी १८४६पासून लंडनमध्ये प्रवाळ जिवंत ठेवले होते. त्यासाठी त्यांची मोलकरीण पाणी वरून ओतून खेळते ठेवत असे. रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०मध्ये वनस्पती आणि मासे एकमेकांना कसे तगवतात, हे दाखवले. सडका पाला खायला गोगलगायी हव्यात, हेही त्यांनीच ताडले. गॉस यांनी हे सारे सामान्य माणसाच्या दिवाणखान्यापर्यंत नेले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३मध्ये खुल्या झालेल्या मत्स्यगृहासाठी त्यांनी जीव पुरवले आणि १८५४मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक काढले. काचेवरचा कर १८४५मध्येच रद्द झाला होता. टाक्या परवडू लागल्या आणि वेड पसरले.

शेवाळावर त्यांचा तोडगा काय होता?

त्यांना सगळे शेवाळ नको होते असे नाही. उलट प्राणवायूसाठी ते हवेच होते. फक्त ते निवडून आणायचे. ते छिन्नी-हातोडा घेऊन जात आणि वनस्पती चिकटलेला खडकाचा तुकडाच फोडून आणत. उपटलेली वनस्पती सडते आणि पाणी नासते. मोठी तपकिरी समुद्री शैवाले ते टाळत, कारण त्यांचा बुळबुळीत स्राव पाण्यात उतरतो. हिरवे अल्वा त्यांना भरवशाचे वाटे.

काचेवरच्या हिरव्या लेपासाठी त्यांनी किनाऱ्यावरचे छोटे शंख सोडले. त्यांची दातेरी जीभ भिंगाखाली पाहून, गवत कापणाऱ्या विळ्यासारखी ती कशी चालते, याचे त्यांनी मोठ्या हौसेने वर्णन केले. आजही शेवाळ वाढले की दुकानदार गोगलगायी सुचवतो. ती युक्ती एवढी जुनी आहे.

समुद्राचे पाणी लंडनपर्यंत वाहून आणणे महाग पडे. म्हणून १८५४मध्ये त्यांनी चार क्षारांतून पाणी बनवले. त्यात सुमारे ८१ टक्के साधे मीठ होते, बाकी मॅग्नेशियमचे दोन आणि पोटॅशियमचा एक क्षार. त्या पाण्यात त्यांनी आधी काही दिवस फक्त हिरवी शैवाले ठेवली, प्राणी नंतर सोडले. नवी टाकी मुरू द्यावी, हा नियम आजही टळत नाही.

त्यांना काय कळले नव्हते?

टाकीतील घाणीचा अमोनिया जिवाणू टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये बदलतात. नव्या टाकीत ते स्थिरावलेले नसतात आणि साचलेले पोषण व उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतात. अमोनियाचे हे रूपांतर सजीव करतात, याचा पुरावा १८७७मध्ये मिळाला. उजेडाचा धडा मात्र आधीच गिरवला गेला. विल्यम अ‍ॅलफर्ड लॉइड यांनी १८७१च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात बरेचसे पाणी अंधाऱ्या तळटाकीत ठेवून फिरवले. अंधारात शेवाळ वाढत नाही आणि पाणी स्वच्छ राहते. जास्त तास दिवा लावून मग औषधाची बाटली शोधणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

पुढे काय झाले?

फेब्रुवारी १८५७मध्ये एमिली कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी देवाने पृथ्वी जुनी दिसेल अशीच घडवली, असे मांडणारे ‘ओम्फलोस’ आले. ते ना शास्त्रज्ञांनी स्वीकारले, ना धर्मनिष्ठांनी. गॉस डेव्हनला परतले, समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ पूर्ण केला आणि २३ ऑगस्ट १८८८ रोजी वारले.

त्यांच्या पुस्तकांनी लोकांना किनाऱ्यावर आणले आणि त्यांनी खळगेच्या खळगे ओरबाडून नेले. बापाच्या डोळ्यांदेखत उजाड झालेल्या त्या खडकांविषयी एडमंडने १९०७च्या ‘फादर अँड सन’मध्ये लिहिले. वडिलांनाही त्याची खंत होती, हे त्यात नोंदले आहे.